शाळेतील दादागिरी : बघणारी मुले काय करू शकतात?

सुटीच्या दिवशी न दुखणारे पोट शाळेच्या दिवशी सकाळी सातला दुखू लागते. तपासणीत काही सापडत नाही, सोनोग्राफी नॉर्मल येते, जंताचे औषधही देऊन झालेले असते. अशा मुलाशी, पालकांना बाहेर बसवून, दहा मिनिटे बोलले की कधी कधी खरे कारण कळते. कोणी रोज डबा हिसकावून घेते, कोणी टोपणनावाने हाक मारून वर्गाला हसवते, कुठे व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो फिरत असतो, कुठे जात किंवा धर्म काढून बोलले जाते.

'आमच्या मुलाने अशा वेळी काय करावे?' हा पालकांचा नेहमीचा प्रश्न. त्याचे उत्तर पुढे दिले आहेच. पण या लेखाचा मुख्य विषय वेगळा आहे. हे सगळे घडताना आजूबाजूला जी वीस-पंचवीस मुले उभी असतात, त्यांच्या हातात काय असते? याचे उत्तर आता बऱ्यापैकी माहीत आहे, आणि आपल्याकडच्या शाळांमध्ये त्याचा फारसा उपयोग केला जात नाही.

दादागिरी कशाला म्हणायचे?

मराठीत यासाठी एकच नेमका शब्द नाही. चिडवणे, दमदाटी, मारणे, वाळीत टाकणे, वस्तू लपवणे, खोट्या गोष्टी पसरवणे हे सगळे त्यात येते. मुले स्वतः 'तो मला बुली करतो' असे म्हणतात.

नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ डान ओल्वेयस यांनी १९७०च्या दशकापासून या विषयावर काम केले. १९८२च्या अखेरीस उत्तर नॉर्वेत तीन मुलांनी आत्महत्या केल्या. सोबत्यांकडून झालेला छळ हे त्यामागचे कारण असावे असे पुढे आले आणि १९८३मध्ये त्या देशात शाळांसाठी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. ओल्वेयस यांनी सांगितलेल्या तीन खुणा आजही जगभर वापरतात : त्रास मुद्दाम दिलेला असतो, तो पुन्हा पुन्हा होतो, आणि देणाऱ्याच्या व सोसणाऱ्याच्या ताकदीत फरक असतो. तोडीस तोड असलेली दोन मुले मैदानावर भांडली आणि संध्याकाळी पुन्हा एकत्र खेळली, तर ते भांडणच. ताकद म्हणजे केवळ दंडाची ताकद नव्हे. गटात किती जण आहेत, इंग्रजी कोणाचे चांगले, पैसा कोणाकडे, घराण्याचे गावात वजन किती, यावरही ती ठरते.

जात, धर्म, रंग, अपंगत्व, तोतरेपणा, चालण्या-बोलण्याची लकब किंवा बोलीवरून होणारा छळ थोडा वेगळा समजून घ्या. जे बदलता येत नाही त्यावर तो असतो, आणि तो घरच्या सगळ्यांना लागतो. म्हणूनच मूल तो घरी सांगत नाही. सांगायचे तर ऐकलेला शब्द आई-वडिलांसमोर उच्चारावा लागेल, आणि त्यांना तो लागेल हे मुलाला कळते. असे मूल 'काही नाही, असंच' म्हणून विषय संपवते.

युनेस्कोच्या २०१९च्या अहवालानुसार जगात जवळजवळ तीनातल्या एका विद्यार्थ्याला आदल्या महिन्याभरात एकदा तरी सोबत्यांकडून असा त्रास झालेला होता. तेव्हा 'आमच्या शाळेत असले काही नाही' असे कोणी सांगितले, तर त्या शाळेत ते कोणी विचारलेले नाही, एवढाच अर्थ मी घेतो.

शरीरावर आणि मनावर काय होते?

पोटदुखी, डोकेदुखी, झोप न लागणे, बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होणे, या तक्रारी छळ सोसणाऱ्या मुलांमध्ये इतरांपेक्षा दुपटीने आढळतात, असे अनेक अभ्यास एकत्र करून दिसले आहे. मूल सोंग करत नसते. भीतीने आतड्यांची हालचाल आणि स्नायूंचा ताण खरोखर बदलतो, वेदना खरी असते. ओरडून किंवा 'नाटकं बंद कर' म्हणून ती जात नाही.

एक खूण पालकांच्या लक्षात येत नाही. अनेक शाळांत त्रास देण्याची ठरलेली जागा म्हणजे शौचालय. तिथे जायला घाबरणारे मूल दिवसभर लघवी-शौच दाबून ठेवते, पाणी पीत नाही. मग बद्धकोष्ठता होते, लघवीला जळजळ होते, जंतुसंसर्ग होतो. पाण्याची बाटली भरलेलीच परत येत असेल आणि घरात शिरताच मूल आधी शौचालयाकडे धावत असेल, तर कारण विचारा.

परिणाम शाळेबरोबर संपत नाहीत. ब्रिटनमध्ये १९५८ साली जन्मलेल्या मुलांचा एक मोठा गट पन्नाशीपर्यंत अभ्यासला गेला. सात ते अकरा या वयात वारंवार छळ सोसलेल्यांमध्ये पन्नासाव्या वर्षीही नैराश्य आणि चिंतेचे प्रमाण अधिक होते. जे केवळ बघत होते तेही सुटत नाहीत. इंग्लंडमधल्या शाळांच्या एका पाहणीत छळ बघणाऱ्या मुलांमध्येही मानसिक त्रासाची लक्षणे वाढलेली दिसली. 'उद्या माझा नंबर लागेल' ही भीती आणि 'मी गप्प बसलो' ही टोचणी, दोन्ही त्यात असतात.

बघ्यांचे वजन

कॅनडात २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी शाळेच्या मैदानावर कॅमेरे लावले आणि मुलांच्या अंगावर छोटे मायक्रोफोन. दादागिरीच्या शंभरपैकी ८८ प्रसंगांत इतर मुले हजर होती. त्यांपैकी कोणी तरी मध्ये पडले, असे फक्त १९ टक्के प्रसंगांत घडले. पण मूल मध्ये पडले तेव्हा, निम्म्याहून अधिक वेळा, प्रकार दहा सेकंदांत थांबला.

असे का होते हे फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवाली यांच्या कामातून समजते. त्यांनी वर्गातल्या मुलांच्या भूमिका मांडल्या. त्रास देणारा आणि सोसणारा सोडले, तर काही मुले हात लावून मदत करतात, काही हसून आणि ओरडून चेव आणतात, बरीचशी दूर उभी राहतात, आणि थोडी सोसणाऱ्याची बाजू घेतात. त्रास देणाऱ्या मुलाला सहसा वर्गात रुबाब हवा असतो, आणि रुबाब प्रेक्षकांशिवाय मिळत नाही. प्रेक्षक हसले नाहीत की त्या खेळातली मजा जाते. फिनलंडचा 'किवा' हा कार्यक्रम याच विचारावर उभा आहे आणि २००९पासून तो देशभरातल्या शाळांमध्ये पोचला. फिनलंडमध्येच असेही दिसले की वर्गातले एक मूल जरी आपल्या बाजूने असले, तरी सोसणारे मूल कमी खचते. मला हा निष्कर्ष सर्वांत उपयोगाचा वाटतो, कारण एकाच मुलाने बाजू घेणे हे कुठल्याही शाळेत, खर्चाशिवाय, उद्या सकाळी होऊ शकते.

विद्यार्थ्यांनी केलेली कामे

कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात २००७ साली नववीतला एक मुलगा शाळेच्या पहिल्याच दिवशी गुलाबी शर्ट घालून आला, म्हणून त्याला धमकावले गेले. बारावीच्या डेव्हिड शेफर्ड आणि ट्रॅव्हिस प्राइस यांनी स्वस्तातल्या दुकानातून पन्नास गुलाबी शर्ट आणले आणि मित्रांना निरोप धाडले. पुढच्याच दिवसांत शेकडो विद्यार्थी गुलाबी कपड्यांत शाळेत हजर झाले. कॅनडात आता दर फेब्रुवारीत 'गुलाबी शर्ट दिवस' पाळतात. त्या दोघांनी धमकावणाऱ्यांशी मारामारी केली नाही, एकट्या पडलेल्या मुलासारखे दिसायला सुरुवात केली, एवढेच. अशा दिवसांचे पुढे रंगीत कपड्यांचे कार्यक्रम होऊन जातात, हेही खरे. वर्षातून एक दिवस साजरा करून शाळेचे वातावरण बदलत नाही.

त्याहून शिस्तीने केलेला प्रयोग अमेरिकेतल्या न्यू जर्सीचा. २०१२-१३ या शैक्षणिक वर्षात तिथल्या ५६ शाळा घेतल्या आणि चिठ्ठ्या टाकून निम्म्या शाळांत कार्यक्रम राबवला. प्रत्येक शाळेत वीस ते बत्तीस विद्यार्थ्यांचा गट निवडला. शिक्षकांची लाडकी मुले निवडण्याऐवजी त्यांनी सगळ्या मुलांना विचारले, 'तुम्ही कोणाबरोबर वेळ घालवता?' आणि त्यावरून शाळेतल्या मैत्रीचा नकाशाच काढला. निवडलेल्या मुलांना तयार भाषणे दिली नाहीत. आपल्या शाळेत नेमके कशावरून वाद होतात हे त्यांनीच शोधले, स्वतःच्या फोटोसह पोस्टर केली, चांगले वागणाऱ्याच्या हातात नारिंगी पट्टा बांधला. वर्षअखेरीस भांडण-छळाच्या नोंदी इतर शाळांच्या तुलनेत सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. ज्या गटांत सर्वाधिक ओळखी असलेली मुले जास्त होती, तिथे परिणामही जास्त दिसला. अशा मुलांत काही वर्गातले 'दादा'ही असू शकतात, हे शिक्षकांनी लक्षात घ्यावे.

आपल्याकडचा पुरावाही आहे, आणि तो भक्कम आहे. गोव्यातल्या 'संगाथ' या संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यात सरकारी माध्यमिक शाळांमध्ये 'सेहेर' हा कार्यक्रम चालवला. ७४ शाळा, नववीचे तेरा हजारांहून अधिक विद्यार्थी. काही शाळांत साधे प्रशिक्षण दिलेला स्थानिक कार्यकर्ता नेमला, काहींत शाळेतल्याच शिक्षकावर तेच काम सोपवले आणि काही शाळा नेहमीसारख्या ठेवल्या. कामे अगदी आपल्या ओळखीची : परिपाठाच्या वेळी नाटुकली आणि चर्चा, महिन्याचे भित्तिपत्रक, विद्यार्थ्यांच्या गटाची बैठक, नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची पेटी, आणि ज्याला हवे त्याला एकट्याने बोलायची सोय. २०१८मध्ये निष्कर्ष आले. कार्यकर्ता असलेल्या शाळांत वातावरण सुधारले, दादागिरी, हिंसा आणि नैराश्याची लक्षणे कमी झाली. दुसऱ्या वर्षी फरक आणखी वाढला. शिक्षकाकडे काम दिलेल्या शाळांत मात्र नेहमीच्या शाळांपेक्षा वेगळे काही घडले नाही.

यावरून शिक्षकांना दोष देऊ नका. शिकवणे, परीक्षा, पोषण आहार, निवडणुकीची कामे सांभाळून हेही त्यांच्या माथी मारले, तर ते मागे पडणारच. शिवाय जो गुण देतो आणि शिक्षाही करतो, त्याच्याजवळ मुले मन मोकळे करायला बिचकतात. मला यातून दिसते ते असे : विद्यार्थ्यांचा गट, पेटी, भित्तिपत्रक ही सारी साधने तेव्हाच चालतात, जेव्हा त्या चिठ्ठ्या वाचायला आणि त्यावर काही करायला एक मोठे माणूस मोकळे असते. महाराष्ट्रातल्या अनेक शाळांत भिंतीवर तक्रारपेटी आहे. तिची किल्ली कोणाकडे आहे आणि ती शेवटची कधी उघडली, हे पालकसभेत एकदा विचाराच.

तुम्ही विद्यार्थी असाल तर

हसू नका. ही सर्वांत सोपी गोष्ट आहे आणि सर्वांत कमी धोक्याची. मोबाइल काढून शूट करू नका, कारण तुमचा कॅमेरा म्हणजे आणखी एक प्रेक्षक.

त्या मुलाला तिथून बाजूला काढा. 'चल, बाईंनी बोलावलंय' किंवा 'अरे, आपली प्रॅक्टिस आहे ना' असे काही तरी बोलून त्याला घेऊन निघा. दादाशी वाद घालायची गरज नाही, भाषण तर नकोच. दोघे-तिघे मिळून गेलात तर आणखी सोपे. कोणी जातीवर किंवा धर्मावर विनोद केला, तर शांतपणे 'यात हसण्यासारखं काय आहे, सांग ना' एवढे विचारले तरी बोलणारा गडबडतो.

त्या वेळी जमले नाही, तर नंतर जा. 'मी बघितलं. तुझी चूक नव्हती. उद्या मधल्या सुटीत आमच्यात डबा खायला ये.' हे एवढे बोलणे त्या मुलाला पुरते. अनेकांना मध्ये न पडल्याची लाज वाटते आणि म्हणून ते नंतर त्या मुलाशी बोलायचेच टाळतात. त्या मुलाला मात्र वाटते की सगळेच आपल्या विरुद्ध आहेत.

मग मोठ्या माणसाला सांगा. ही चुगली नव्हे. कोणाला तरी मार बसावा म्हणून सांगतात ती चुगली. कोणाचा तरी मार थांबावा म्हणून सांगणे वेगळे. काय झाले, कुठे, कोणत्या दिवशी, एवढे सांगा. एकाने ऐकले नाही तर दुसऱ्याला सांगा : वर्गशिक्षक, खेळाचे सर, मुख्याध्यापक, शाळेतल्या मावशी, घरचे कोणी, ताई-दादा.

मोबाइलवर चालले असेल तर पुढे पाठवू नका, मजकुराचे तारखेसह स्क्रीनशॉट ठेवा. याला एक अपवाद आहे. कोणाचा उघडा किंवा खासगी फोटो असेल, तर तो सेव्ह करू नका, स्क्रीनशॉटही नको. अठरा वर्षांखालच्या मुलाचे असे चित्र जवळ ठेवणे आणि पाठवणे हा गंभीर गुन्हा आहे. ताबडतोब मोठ्यांना दाखवा.

हाणामारी जोरात असेल, हातात पट्टा, दगड, चाकू असेल किंवा मोठी टोळी असेल, तर मध्ये पडू नका. धावत जाऊन शिक्षकांना आणा.

आणि त्रास तुम्हालाच होत असेल तर? एकटे राहू नका, विशेषतः शौचालय, जिना, रिक्षा-बसची जागा इथे सोबत ठेवा. तारखा लिहून ठेवा. उलट मारण्याचा सल्ला बरेच जण देतील. समोरचा ताकदवान आहे म्हणूनच हे चालले आहे, त्यामुळे बहुधा तुम्हालाच जास्त लागेल आणि तक्रारही तुमच्यावरच येईल.

मोठ्यांनी मुलांवर काय टाकू नये?

इथे काळजी घ्यायला हवी. पूर्वीच्या एका मोठ्या आढाव्यात, ज्या कार्यक्रमांत मुलांनाच मध्यस्थ किंवा समुपदेशक केले होते, त्यांत छळ कधी कधी वाढलेला दिसला. नंतरच्या आढाव्यात मात्र वर्गचर्चेसारख्या अनौपचारिक स्वरूपात मुलांना सामील करून घेतले, तर फायदा दिसला. फरक स्पष्ट आहे. मुलांनी साथ द्यावी, सांगावे, वर्गाची हवा बदलावी. न्यायनिवाडा त्यांच्याकडे देऊ नये. मॉनिटरला छडी आणि फळ्यावर नावे लिहिण्याचा अधिकार देणाऱ्या शाळा नवा दादा तयार करतात.

त्रास देणारा आणि सोसणारा यांना समोरासमोर बसवून 'हात मिळवा, विषय संपला' असे करू नका. भांडणात ते चालते. छळात कमकुवत मूल भीतीने मान हलवते आणि बाहेर गेल्यावर दुप्पट सोसते. दोघांशी वेगवेगळे बोला. किवा कार्यक्रमात शिक्षक वर्गातल्या दोन ते चार समजूतदार आणि वजन असलेल्या मुलांनाही बोलावतात आणि 'याला तुम्ही कशी सोबत कराल?' असे विचारतात. हे आपल्याकडे सहज करता येईल. पंधरा दिवसांनी पुन्हा विचारपूस करायला विसरू नका. बहुतेक प्रकरणे इथेच सुटून जातात.

शिक्षकच 'ए काळ्या', 'ए जाड्या' म्हणून हाक मारत असतील, तर विद्यार्थ्यांच्या सगळ्या पोस्टरांवर पाणी पडते. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे. लैंगिक स्वरूपाचा प्रकार असेल, तर पॉक्सो कायद्याप्रमाणे कळलेल्या प्रत्येकाला पोलिसांकडे किंवा विशेष बालपोलीस पथकाकडे कळवणे बंधनकारक आहे, शाळेचे नाव खराब होईल ही सबब चालत नाही. जातिवाचक अपमानाची दखल अत्याचार प्रतिबंधक कायदा घेतो. आरोपी अठरा वर्षांखालचा असेल तर प्रकरण बालन्याय मंडळापुढे जाते.

पालकांनी तक्रार लेखी द्यावी, मुख्याध्यापकांची सही-शिक्का घेतलेली प्रत ठेवावी. दुसऱ्या मुलाच्या दारात जाऊन त्याच्या आई-वडिलांशी भांडल्याने दोन घरांचे वैर होते आणि शाळा हात झटकते. तक्रार तुमच्याच मुलाविरुद्ध आली असेल, तर आधी ऐकून घ्या. घरी मार खाणारी किंवा मारामारी बघणारी मुले शाळेत तेच करताना आम्हाला नेहमी दिसतात, आणि अशा मुलालाही मदतीची गरज असते.

डॉक्टरांकडे कधी जावे?

पोटदुखीने मूल रात्री झोपेतून उठत असेल, वजन घटत असेल, ताप, सतत उलट्या किंवा शौचातून रक्त असेल, तर शाळेचे कारण गृहीत धरू नका, आधी तपासून घ्या. डोक्याला मार लागल्यावर गुंगी, वारंवार उलटी, झटका, वाढती डोकेदुखी किंवा असंबद्ध बोलणे दिसले, तर थेट मोठ्या रुग्णालयात न्या.

दोन आठवड्यांहून अधिक काळ मूल उदास, चिडचिडे असेल, खेळ आणि मित्र सोडले असतील, शाळेत जायला ठाम नकार देत असेल, हातावर कापल्याच्या खुणा दिसत असतील, 'मी नसतो तर बरं झालं असतं' असे बोलत असेल, तर बालरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ किंवा जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य विभाग गाठा. 'तुला मरून जावंसं वाटतं का?' असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' आले, तर मुलाला एकटे ठेवू नका. घरातली औषधे, आणि शेतकरी कुटुंबात असाल तर कीटकनाशकाच्या बाटल्याही, कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा.

मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस १४४१६ या दोन्ही मोफत आहेत आणि रात्रीही चालतात. टेलिमानसवर मराठीतून बोलता येते. १०९८वर मूल स्वतः फोन करू शकते, आणि ज्याने फक्त बघितले आहे असे मूलही.